उपसर्गांचा उपसर्ग

‘उपसर्ग’ हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. वैयाकरणांच्या लेखी शब्दाच्या आरंभी जोडलेली ‘अ’, ‘नि’, ‘वि’, ‘अन’ यांसारखी अक्षरे म्हणजे उपसर्ग. आणि सामान्य जनांच्या लेखी उपसर्ग म्हणजे पीडा, उपद्रव. आम्हा डॉक्टरांचा सारा जन्म दुसऱ्या प्रकारच्या उपसर्गांशी झुंजण्यात जातो, त्यामुळे पहिल्या प्रकाराकडे लक्ष द्यायला सवड होत नाही. परंतु पहिला उपसर्ग कधीकधी दुसऱ्याचे रूप घेतो आणि त्याचा ताप आमच्या रुग्णांना होतो, असे माझे अनेक वर्षांच्या व्यवसायानंतर झालेले मत आहे. आपल्या स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टरांबरोबरच शिक्षक, वकील, बँकेतील अधिकारी आणि गृहिणीही आहेत. तेव्हा हा विषय सर्वांनाच आपला वाटेल, अशी आशा आहे.

पुणे-बेंगळुरू महामार्ग हुबळी-धारवाडला वळसा घालून जातो. त्यावरून धावणाऱ्या पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर ठळक अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. शाळेत मात्र मुलांना शिकवलेले असते की, ‘इन’ लागला की शब्दाचा अर्थ उलटा होतो. ‘करेक्ट’चे ‘इनकरेक्ट’, ‘कम्प्लीट’चे ‘इनकम्प्लीट’. या हिशेबाने एखाद्या चौकस मुलाने टँकरवरील शब्दाचा अर्थ ‘मुळीच पेट न घेणारे’ असा लावला, तर त्याला दोष कसा द्यावा? त्याचे तर्कशास्त्र बिनचूक आहे. चुकला आहे तो शब्द.

वस्तुतः या ‘इन’चा नकाराशी काहीही संबंध नाही. लॅटिन भाषेत ‘इन’ असे दोन वेगळे उपसर्ग होते. एक ‘नाही’ या अर्थाचा आणि दुसरा ‘आत’ या अर्थाचा. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात हा दुसरा ‘इन’ आहे आणि आमचा रोजचा ‘इन्फ्लमेशन’ हा शब्दही त्याच घराण्यातला. घशाला ‘इन्फ्लमेशन’ आले म्हणजे घशातील आग विझली, असे कोणी डॉक्टर समजत नाही. कारण त्या शब्दाशी आपला सहवास आहे. ज्याचा सहवास नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता. अमेरिकेतील ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ या संस्थेने १९२० च्या दशकात ‘इन्फ्लेमेबल’ सोडून ‘फ्लेमेबल’ लिहावे असा आग्रह धरला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने जुना शब्द अगदी शुद्ध होता. परंतु तो वाचून एखादा कामगार त्या पिंपाशेजारी विडी ओढत बसला, तर ती शुद्धता काय कामाची? आंतरराष्ट्रीय सुरक्षा-चिन्हांवर आज ‘फ्लेमेबल’ हाच शब्द असतो. आपल्याकडे १९५२ सालच्या कायद्याचे नावच मुळी ‘इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस अ‍ॅक्ट’ आहे, त्यामुळे जुना शब्द टिकून राहिला. परिणामी रुग्णालयाच्या एकाच कपाटात स्पिरिटच्या बाटलीवर ‘इन्फ्लेमेबल’ आणि सॅनिटायझरच्या बाटलीवर ‘फ्लेमेबल’ असे शेजारी शेजारी दिसू शकते. दोन्हींचा अर्थ एकच आहे, हे नव्याने कामावर आलेल्या सेवकाला कोणी सांगितलेले असतेच असे नाही.

याच संदर्भात बेंजामिन ली व्हॉर्फ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाची आठवण होते. हा गृहस्थ पोटापाण्यासाठी हार्टफर्ड येथील आग विमा कंपनीत नोकरी करीत होता. आगी का लागतात हे शोधताना त्याच्या लक्षात आले की, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक सावधपणे वागतात आणि ‘रिकाम्या’ पिंपांजवळ निष्काळजीपणे धूम्रपान करतात. रिकाम्या पिंपात वाफ साठलेली असते आणि ती अधिक स्फोटक असते. परंतु ‘रिकामे’ हा शब्द माणसाला निर्धास्त करतो. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातले हे निरीक्षण प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावे असे आहे. माणूस वस्तूकडे पाहून वागतो त्याहून अधिक शब्दाकडे पाहून वागतो.

इंग्रजीत असे तर्कदुष्ट नकार विपुल आहेत. ‘रिगार्डलेस’मध्ये ‘लेस’ने एकदा नकार दिलेला असताना पुढे आणखी एक ‘इर’ चिकटवून ‘इर्रिगार्डलेस’ म्हणणारे लोक आहेत. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशाने तो शब्द १९३४ सालीच नोंदवला आणि ‘शिष्टसंमत नाही’ असा शेराही मारला; तरी २०२० साली हा शब्द कोशात असल्याचे अनेकांच्या लक्षात आले आणि समाजमाध्यमांवर मोठा गदारोळ उडाला. ‘लूझन’ म्हणजे सैल करणे. मग ‘अनलूझन’ म्हणजे घट्ट करणे व्हायला हवे. प्रत्यक्षात त्याचाही अर्थ सैल करणे असाच. ‘थॉ’ म्हणजे गोठलेले वितळवणे, आणि शीतकपाटातून काढलेल्या पदार्थाला ‘अनथॉ’ करणारेही वितळवतातच! ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे मौल्यवान आणि ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे त्याहूनही मौल्यवान.

हे वाचून इंग्रजीला हसू येत असेल, तर क्षणभर थांबावे. आपल्या मराठीचे अंगणही काही वेगळे नाही.

‘अमूल्य’ म्हणजे ज्याला मूल्य नाही आणि ‘विनामूल्य’ म्हणजेही ज्याला मूल्य नाही. तरी पहिला शब्द हिऱ्याला लावतात आणि दुसरा आमच्या आरोग्य तपासणी शिबिराला! ‘घोर’ म्हणजे भयंकर; म्हणून ‘अघोर’ म्हणजे सौम्य. शिवाच्या पाच मुखांपैकी एकाला अघोर म्हणतात ते याच अर्थाने. परंतु मराठीत ‘अघोरी उपाय’ म्हटले की अंगावर काटा येतो. तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या सळईचे डाग देण्याच्या प्रथेला आपण हाच शब्द वापरतो. ‘चपळ’च्या आधी ‘अ’ आला म्हणजे मूल शांत व्हायला हवे. पण ‘अचपळ’ मूल म्हणजे एका जागी क्षणभर न ठरणारे मूल. समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांतही मनाला हे विशेषण याच अर्थाने लावलेले आहे. ‘निर्’ आणि ‘रोग’ मिळून ‘नीरोग’ हे रूप सिद्ध होते आणि तेवढ्याने काम भागते. आपण त्याला आणखी एक ‘ई’ जोडून ‘निरोगी’ केले, ‘निर्दय’चे ‘निर्दयी’ केले, ‘निरपराध’चे ‘निरपराधी’ केले. आणि ‘बेलाशक’ तर पाहा! फारसीतला ‘बे’ आणि अरबीतला ‘ला’ हे दोन्ही नकार ‘शक’ म्हणजे शंकेच्या दारात पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत. तर्काने पाहिले तर दोन नकारांनी एकमेकांना खोडून शंका परत यायला हवी. पण मराठी माणूस हा शब्द बेलाशक वापरतो आणि ऐकणाऱ्यालाही कधी शंका येत नाही. ‘इर्रिगार्डलेस’चा हा आपल्या घरचा चुलतभाऊच म्हणायचा.

शेजारच्या कन्नडकडे वळू. आपण या गावात कन्नडच्या सावलीत वाढलो. घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नडला ‘नाकुतंती’ दिली, जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि मराठीत कथा लिहीत. तीन भाषांत एकाच वेळी राहणे हा येथला नित्याचा व्यवहार आहे. कन्नडमध्ये आजारपणाला ‘अनारोग्य’ म्हणतात. वर्तमानपत्रांतील निधनवार्तांत हा शब्द नेहमी दिसतो. आता त्याची चिरफाड करून पाहा. रोग, ज्याला रोग नाही तो ‘अरोग’, त्याची अवस्था ते ‘आरोग्य’, आणि ते नसणे म्हणजे ‘अनारोग्य’. म्हणजे ‘रोग नसणे नसणे’! दोन नकारांचा वळसा घालून आपण पुन्हा रोगापाशीच येऊन पोहोचलो. येथे मात्र गणित बरोबर जुळते, हेही नमूद केले पाहिजे.

खुद्द आमच्या बालरोगशास्त्राचा शब्दसंग्रह तरी किती तर्कशुद्ध आहे? आमचा रुग्ण तो ‘इन्फंट’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘न बोलणारा’. आमचे मुख्य काम ‘इम्युनायझेशन’. त्यातील ‘इम्यून’ म्हणजे मुळात रोमन राज्यात सार्वजनिक कर्तव्यातून व करातून ‘सूट मिळालेला’ नागरिक. हृदयातील निरुपद्रवी आवाजाला आम्ही ‘इनोसंट मर्मर’ म्हणतो. तेथे ‘इनोसंट’ म्हणजे अक्षरशः ‘इजा न करणारा’, आणि हा अर्थ मोठा सुरेख आहे. उलट ‘अ‍ॅनिमिया’ म्हणजे ग्रीक अर्थाने ‘रक्त नसणे’. असे खरोखर झाले तर मूल आमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. ‘अ‍ॅस्फिक्सिया’चा मूळ अर्थ ‘नाडी नसणे’. पण जन्मताच गुदमरलेल्या कितीतरी बालकांची नाडी चालू असते आणि तिच्याच ठोक्यांवरून आम्ही पुढील उपाय ठरवतो.

तात्पर्य, भाषा तर्कशास्त्राच्या परवानगीने चालत नाही. ती रूढीने चालते. मराठी-इंग्रजी कोश करणारे मोल्सवर्थ असोत की १८९४ साली कन्नड-इंग्रजी कोश सिद्ध करणारे किटेल, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय धारवाडात आहे, कोशकारांनी लोक काय बोलतात ते ऐकून टिपून ठेवले. म्हणून एखाद्याच्या तोंडून ‘निरोगी’ किंवा ‘इर्रिगार्डलेस’ ऐकून नाक मुरडणे मला पसंत नाही. विशेषतः इंग्रजी माध्यमात न शिकलेले पालक धीर करून आमच्यासमोर दोन इंग्रजी शब्द बोलतात, तेव्हा त्यांची चूक काढून हसणारा डॉक्टर स्वतःचेच नुकसान करून घेतो. पुढच्या वेळी ते पालक अर्धी लक्षणे सांगतच नाहीत.

परंतु येथेच माझ्या मताची दुसरी बाजू सुरू होते. बैठकीत, पत्रात, भाषणात जी सवलत भाषेला द्यावी, ती केसपेपरवर आणि औषधाच्या चिठ्ठीवर देता येणार नाही. कारण तेथील शब्द वाचून कोणीतरी लगेच काही करणार असते: औषध देणार असते, थांबवणार असते, किंवा घाबरून रात्रभर जागणार असते.

रोजची उदाहरणे पाहा. क्ष-किरण तपासणीच्या अहवालात ‘अनरिमार्केबल’ असे लिहिलेले असते. डॉक्टरांच्या भाषेत ही आनंदाची वार्ता. पण पदवीधर पिता कोश उघडून पाहतो आणि आपल्या मुलाच्या छातीत ‘उल्लेखनीय असे काही नाही’ म्हणजे नेमके काय, या विचाराने अस्वस्थ होतो. रक्ताच्या अहवालात ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेले असते; आजीला वाटते की, नातू उपचारांना दाद देत नाही. पोलिओची टोचून देण्याची लस ‘इनअ‍ॅक्टिव्हेटेड’ असते. नोव्हेंबर २०१५ पासून ती आपल्या सार्वत्रिक लसीकरणातही आली. तिचे ‘निष्क्रिय लस’ असे शब्दशः भाषांतर ऐकले की, ‘निष्क्रिय लस मुलाला टोचायचीच कशाला?’ हा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. निष्क्रिय झाला आहे तो विषाणू. लस पूर्ण क्रियाशील आहे. हे एक वाक्य बोलायला दहा सेकंद लागतात आणि न बोलल्यास एक मूल लसीविना राहू शकते.

सर्वांत क्रूर वाक्य अहवालांतील दुहेरी नकाराचे: ‘क्षयरोग नाकारता येत नाही’. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की, शक्यता थोडी आहे, आणखी एखादी तपासणी करावी. वाचणाऱ्या आईला मात्र त्या ओळीतील एकच शब्द दिसतो आणि तो ‘क्षयरोग’ असतो.

आमच्या आपसांतील संवादातही हाच धोका आहे. ताप नसलेल्या मुलाला आम्ही ‘अफेब्राइल’ म्हणतो आणि ताप असलेल्याला ‘अ फेब्राइल चाइल्ड’. कागदावर या दोहोंत केवळ एका रिकाम्या जागेचे अंतर आहे. दूरध्वनीवर तेवढेही नाही. रात्री दोन वाजता परिचारिकेने दिलेला हा निरोप अर्धवट झोपेतील डॉक्टर कसा ऐकेल, हे सांगता येत नाही. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांचीही तीच कथा. नवजात बालकाच्या रक्तातील साखरेबाबत त्यांचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. आणि ‘एन. ए. डी.’, म्हणजे ‘नथिंग अ‍ॅबनॉर्मल डिटेक्टेड’, या लाडक्या शेऱ्याबद्दल काय सांगावे? त्याचा ‘नॉट अ‍ॅक्चुअली डन’ असा विस्तार वैद्यकाचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. काहीही विकृत आढळले नाही, हे लिहिण्यापेक्षा काय काय तपासले आणि काय आढळले, हे लिहिणे अधिक प्रामाणिक होय.

तीन भाषांच्या आपल्या गावात आणखी एक फसवा नकार आहे. आपण विचारतो, ‘जुलाब नाहीत ना?’ आई म्हणते, ‘हो.’ मराठीत याचा अर्थ ‘तुमचे म्हणणे बरोबर, जुलाब नाहीत’. कन्नड बोलणारी आईही ‘हौदु’ म्हणते, ते याच अर्थाने. इंग्रजीत मात्र नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ असे उत्तर आले, तर जुलाब आहेत असा अर्थ होतो. इंग्रजीतून शिकून परप्रांतातून येथे आलेला तरुण डॉक्टर हे ‘हो’ आपल्या कागदावर कसे उतरवील? जुलाबाच्या बाबतीत एक वेळ चालून जाईल. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही ना?’ या प्रश्नाच्या बाबतीत चालणार नाही. तो प्रश्न ‘पेनिसिलिन घेतल्यावर कधी अंगावर पुरळ उठले होते का, धाप लागली होती का?’ असाच विचारला पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जेथे कृती अपेक्षित आहे तेथे नकार टाळावा आणि होकारार्थी वाक्य वापरावे. ‘जुलाब झाले तरी अंगावर पाजणे बंद करू नका’ या वाक्यात ‘बंद’ आणि ‘नका’ असे दोन नकार आहेत. घाबरलेल्या आईच्या कानात त्यांतला ‘बंद’ तेवढा राहिला तर? त्याऐवजी ‘अंगावर पाजणे चालू ठेवा’ म्हणावे. ‘पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका’ याऐवजी ‘पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या’. ‘१ लिटरचे पाकीट कमी पाण्यात कालवू नका’ याऐवजी ‘पूर्ण पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात कालवा’. ‘ताप १०० च्या वर गेल्याशिवाय औषध देऊ नका’ याऐवजी ‘ताप १०० च्या वर गेला तरच औषध द्या’. केसपेपरवर ‘अफेब्राइल’ लिहिण्याऐवजी ‘ताप नाही, तापमान ९८.४’ असा आकडा लिहावा. आकड्याला उपसर्ग लागत नाही. बाटल्यांवर ‘इन्फ्लेमेबल’च्या शेजारी मराठी व कन्नडमध्ये ‘लवकर पेट घेते’ अशी चिठ्ठी आणि ज्वाळेचे चित्र चिकटवावे. आणि शेवटी आईलाच विचारावे, ‘घरी गेल्यावर काय करणार, ते मला सांगा.’ तिच्या तोंडून जे येईल तेच आमच्या भाषेचे खरे मूल्यमापन.

समाजातील इतर बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. अहवालातील शब्दाचा अर्थ लागला नाही, तर तो विचारण्यात कमीपणा मानू नये. शब्द अवघड आहे हा वाचणाऱ्याचा दोष नव्हे. तो सोपा करून सांगणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे.

जाता जाता आणखी एका जोडीचा उल्लेख करतो. इंग्रजीत ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला गोडी नाही, आस्था नाही असा. आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा. आजकाल सुशिक्षितही दुसरा शब्द पहिल्याच्या अर्थाने सर्रास वापरतात आणि तो भेद पुसट होत चालला आहे. मला या भेदाची हळहळ वाटते, कारण वैद्यकाच्या व्यवसायाचे सारे तत्त्व त्यात आहे. डॉक्टर रुग्णाच्या बाबतीत ‘डिसइंटरेस्टेड’ अवश्य असावा. ‘अनइंटरेस्टेड’ कधीही नसावा. मराठीत सांगायचे तर त्याने निःस्वार्थ असावे आणि आस्थेवाईकही असावे. आपल्या चिठ्ठीवरची ओळ रुग्णाच्या घरी कशी वाचली जाईल, याचा विचार करणे हा त्या आस्थेचाच एक भाग आहे.